गिअरबॉक्स गेला, आता जुना बसवायचा का?

नव्याची किंमत ऐकून धडकी भरते आणि जुन्याची खात्री वाटत नाही. अशा वेळी मेकॅनिकच्या एका शब्दावर सारा निर्णय सोपवण्यापेक्षा घरात बसून थोडा हिशेब केलेला बरा.

घरातली गाडी आठ-दहा वर्षांची झाली की तिच्याशी नाते जडते. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे, मुलांना क्लासला सोडायचे, लग्नकार्याला जायचे, सगळे तिच्याच भरवशावर. टायर झिजला, बॅटरी उतरली तर आपल्याला कळते आणि खर्चाचा अंदाजही असतो. पण मेकॅनिकने हात पुसत पुसत "गिअरबॉक्स गेला" असे सांगितले की भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. कारण गिअरबॉक्स दिसत नाही, त्यातले कळत नाही आणि खर्च मात्र हजारांच्या घरात जातो.

मग मेकॅनिकच तोडगा सुचवतो, "नवा कशाला घेता? जुना मिळतो, बसवून टाकू." हा तोडगा घ्यावा की नाही, हा आजचा विषय.

लखनौसारख्या परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न जरा जास्तच जड जातो. लखनौचा आणि मराठी माणसाचा संबंध तसा जुना. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये इथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले. ते आज विद्यापीठ झाले असून भातखंडे यांचेच नाव मिरवते आहे. बँका, रेल्वे, लष्कर आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांमुळे मराठी घरे इकडे येत राहिली. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातले सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करणारे लोकही उत्तर भारतातल्या शहरांत पसरलेले आहेत. अशा घरांना वर्षातून एकदा गावी जायचे असते आणि पुष्पक एक्स्प्रेसचे तिकीट मिळाले नाही तर दीड हजार किलोमीटरची वाट गाडीनेच कापावी लागते. पुण्यात असतो तर मामेभावाचा ओळखीचा मेकॅनिक असता. इथे ओळख नसते. म्हणून माहिती हाच आधार.

घरोघरी घडणारे उदाहरण

असे समजा, गोमतीनगरात राहणारे एक मराठी जोडपे आहे. गाडी छोटी, पेट्रोलवर चालणारी, साध्या पाच गिअरची, बारा वर्षांपूर्वी घेतलेली. काही दिवसांपासून तिसरा गिअर टाकला की करकर आवाज येतो आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअर आपोआप सुटतो. मिस्त्री म्हणतो, "बाबूजी, गिअरबॉक्स बैठ गया. लालबाग से पुराना दिला देंगे, शाम तक गाडी तैयार."

"अहो, पण जुना म्हणजे कुठल्या गाडीचा? तोही महिन्याभरात गेला तर?" गृहिणी विचारते.

"अगं, नव्याला पन्नास हजार घालायचे का या गाडीत?" यजमान विचारतात.

दोघांचेही प्रश्न बरोबर आहेत. उत्तर मात्र दोन्ही प्रश्न एकत्र ठेवल्यावरच मिळते. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा.

खरोखर गिअरबॉक्सच गेला आहे का?

गिअर नीट पडत नाहीत म्हणजे गिअरबॉक्सच खराब, असे नसते. पुष्कळदा दोष क्लचमध्ये, क्लचच्या केबलमध्ये किंवा गिअरच्या दांड्याला जोडणाऱ्या केबलमध्ये असतो आणि तो फार कमी खर्चात निघतो. पुढच्या काही गोष्टी आपण स्वतः पाहू शकता.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. ते सहज पडले, पण इंजिन चालू केल्यावर सगळेच गिअर अडू लागले, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही, तर क्लच प्लेट झिजलेली असते.

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर ऐकू येते आणि क्लच दाबल्याबरोबर ती थांबते, तर गिअरबॉक्समधील बेअरिंगवर संशय घ्यावा. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग गेलेले असते. वळण घेताना पुढच्या चाकांकडून कट-कट आवाज येत असेल तर तो अॅक्सलच्या जॉइंटचा, त्याचा गिअरबॉक्सशी संबंध नाही.

फक्त एखादाच गिअर करकरत असेल किंवा सुटत असेल, तर दोष आत आहे असे मानायला जागा आहे. गिअर बदलताना दोन दातेरी चाकांचा वेग सारखा करण्याचे काम एक छोटी कडी करते. तिला सिंक्रोनायझर रिंग म्हणतात. ती झिजली की दाते एकमेकांवर घासतात. क्लच अर्धवट दाबून गाडी चालवण्याची सवय आणि गिअरच्या दांड्यावर हात टेकवून ठेवण्याची सवय या दोन्ही आतल्या भागांना मारक ठरतात. हजरतगंज किंवा अमीनाबादच्या गर्दीत रोज गाडी काढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आणखी एक साधी तपासणी म्हणजे गिअरचे तेल. मेकॅनिकला ते आपल्यासमोर काढायला सांगा. तेलात बारीक राखाडी चुरा असणे वयोमानानुसार चालते. पण धातूचे तुकडे किंवा दात्यांचे कपचे निघाले, तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. आणि तेल कमीच निघाले, तर कुठल्या सीलमधून ते गळते आहे हे आधी शोधायला हवे. नाहीतर नवा बसवला काय आणि जुना बसवला काय, त्याचीही तीच गत होणार.

चार वाटा

दोष आतच आहे हे ठरले की पुढे चार वाटा असतात. पहिली, आपलाच गिअरबॉक्स उघडून झिजलेली बेअरिंगे, कड्या व सील बदलणे. दुसरी, मोडीत काढलेल्या गाडीचा जुना गिअरबॉक्स बसवणे. तिसरी, कंपनीचा नवा घेणे. चौथी, गाडी आहे तशी विकून टाकणे.

यांपैकी पहिल्या तीन वाटांवर काही खर्च समान असतो. गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे आलेच. तो उतरला की क्लच सेट आणि सील त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण नंतर त्यासाठी पुन्हा तेवढीच मजुरी पडते.

आता आकडे घेऊ. हे आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. आपल्या गाडीचे खरे आकडे दोन-तीन ठिकाणी विचारून त्या जागी घालावेत.

समजा, उतरवण्या-चढवण्याची मजुरी ५,००० रुपये, क्लच सेट ६,००० आणि तेल व सील १,५०० रुपये. म्हणजे समान खर्च १२,५०० रुपये. जुना गिअरबॉक्स १२,००० ला मिळाला तर एकूण २४,५०० रुपये. आपलाच उघडून दुरुस्त करण्याचे सुटे भाग व कारागिरी १६,००० धरली तर एकूण २८,५०० रुपये. कंपनीचा नवा ४८,००० चा असेल तर एकूण ६०,५०० रुपये.

गाडी चालू स्थितीत १,४०,००० ला आणि बिघडलेल्या स्थितीत ८०,००० ला विकली जाईल असे समजू. म्हणजे दुरुस्तीने तिची किंमत ६०,००० रुपयांनी वाढते. या हिशेबात नव्या गिअरबॉक्सची वाट बसत नाही. पण पहिल्या दोन्ही वाटा परवडतात आणि गाडी तशीच विकणे तोट्याचे ठरते.

दुसरा हिशेब महिन्यांचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून घेऊन ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि १ एप्रिल २०२२ पासून अशा मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आहे. आपल्या उदाहरणातली गाडी बारा वर्षांची, म्हणजे हाताशी निश्चित अशी तीन वर्षे आहेत. २८,५०० रुपये ३६ महिन्यांत वाटले तर महिन्याला सुमारे ८०० रुपये होतात. नव्या गाडीसाठी पाच लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले तर हप्ताच दहा हजारांवर जातो. म्हणून गाडीचे इंजिन, पत्रा आणि स्टिअरिंग ठीक असतील, तर केवळ गिअरबॉक्ससाठी ती काढून टाकण्याची घाई करू नये. पत्रा गंजून गेला असेल आणि इंजिनही तेल खात असेल, तर मात्र गिअरबॉक्सवर एक रुपयाही घालू नये.

चार हजारांची बचत की जुगार?

आता खरी निवड उरते ती जुना बसवायचा की आपलाच दुरुस्त करायचा, ही. आपल्या हिशेबात जुन्यात ४,००० रुपये वाचतात. पण जुना बिघडला तर?

दुकानदाराने तो बदलून दिला, तरी मजुरी व तेलाचे ६,५०० रुपये पुन्हा आपल्याच खिशातून जातात. असे जुने दहा गिअरबॉक्स घेतले आणि त्यांतले निम्मे बिघडले असे धरले, तरी सरासरी जादा खर्च ३,२५० रुपये येतो. म्हणजे तरीही थोडी बचतच.

दुकानदाराने हात वर केले तर हिशेब पालटतो. मग पुन्हा १२,००० चा माल आणि ६,५०० ची मजुरी, असे १८,५०० रुपये बुडतात. अशा वेळी पाचांतला एक जरी बिघडला, तरी चार हजारांची बचत जवळजवळ संपते. त्याहून जास्त बिघडले तर जुना गिअरबॉक्स दुरुस्तीपेक्षा महाग पडतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या मालात आपण लोखंडाइतकीच दुकानदाराची हमीही विकत घेत असतो. लेखी हमी असेल तर जुना घेण्यात अर्थ आहे. "अरे साहब, भरोसा रखिए" एवढ्यावर व्यवहार होत असेल, तर आपलाच गिअरबॉक्स उघडलेला चांगला. त्याचा निदान पूर्वेतिहास आपल्याला माहीत असतो. मात्र त्याचे मुख्य दाते तुटले असतील किंवा बाहेरचे कवच फुटले असेल, तर दुरुस्तीचा खर्च भलताच वाढतो. मग जुन्याचा विचार करणे भाग पडते.

माल येतो कुठून?

लखनौत मोटारीच्या सुट्या भागांसाठी लालबागचे नाव आधी घेतले जाते. नखासचा जुना बाजार तर जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्धच आहे. मुंबईत कुर्ला आणि पुण्यात जुना बाजार, तसेच हे. या बाजारांत प्रामाणिक दुकानदार आहेत, अपघातात मोडलेल्या किंवा आयुष्य संपलेल्या गाड्यांचे चांगले भागही मिळतात. पण आपल्या हाती येणारा भाग चोरीच्या गाडीचा नाही ना, हा प्रश्न उत्तर प्रदेशात तरी विसरता येत नाही.

मेरठचा सोतीगंज बाजार हे त्याचे मोठे उदाहरण. गाड्या तोडून त्यांचे भाग विकण्यासाठी हा बाजार देशभर ओळखला जाई. चोरीच्या गाड्या तिथे तुकडे होऊन जातात, हे उघड गुपित होते. पोलिसांनी कारवाया करीत अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ती दुकाने बंद करायला लावली. त्याच महिन्यात शाहजहाँपूरच्या सभेत पंतप्रधानांनीही सोतीगंजचा उल्लेख केला होता.

गिअरबॉक्सच्या बाबतीत ही भीती अधिक असण्याचे कारण आहे. गाडीच्या नोंदणी पुस्तकात चासी नंबर आणि इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नंबर नसतो. त्यामुळे तो कोणत्या गाडीतून निघाला हे शोधणे कठीण. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, बिलाशिवाय, गल्लीच्या कोपऱ्यावर मिळणारा माल म्हणजे अशा कारणाला आमंत्रणच.

यावर चांगला पर्याय म्हणजे नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांचे नियम केले. तिथे गाडी मोडण्याआधी तिची कागदपत्रे तपासली जातात आणि मालकाला तसे प्रमाणपत्र मिळते. अशा केंद्रातून आलेला भाग असेल तर त्याचे मूळ कागदावर सापडते. दुकानदाराकडे तशी पावती मागायला संकोचू नये.

घेताना काय पाहावे?

जुना गिअरबॉक्स घ्यायचाच ठरला, तर मिस्त्रीला एकट्याला पाठवू नका, सोबत जा आणि पुढील गोष्टी पाहा.

आपल्या गिअरबॉक्सवर जो नंबर किंवा खूण आहे, ती आधी कागदावर उतरवून न्या. नाव एकच असलेल्या गाडीतही वर्षागणिक बदल झालेले असतात. गिअरची संख्या, शाफ्टवरच्या खाचा, स्पीडोमीटरची केबल आहे की सेन्सर, बसवण्याचे कान, हे सारे जुळले पाहिजे.

शाफ्ट हाताने फिरवून पाहा. तो अडखळता कामा नये, खरखर येता कामा नये. एकेक करून सगळे गिअर टाकून तो पुन्हा फिरवा. शाफ्ट वरखाली जास्त हलत असेल तर बेअरिंग गेले आहे असे समजा.

कवचावर वेल्डिंग, चीर किंवा तुटलेले कान आहेत का, ते पाहा. वरून नुकताच चकचकीत रंग मारला असेल तर विशेष बारकाईने पाहा. आत उरलेल्या तेलाचा थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल किंवा आत गंज दिसत असेल, तर ती गाडी बहुधा पुराच्या पाण्यात उभी राहिलेली होती.

बसवण्याआधी सगळी ऑइल सील नवी घाला आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच दर्जाचे तेल भरा. "कोणतेही चालते" हे म्हणणे ऐकू नका. चुकीच्या तेलाने पितळी कड्यांचे आयुष्य कमी होऊ शकते.

बिलावर काय लिहून घ्यावे?

दुकानाचे नाव व जीएसटी क्रमांक, गिअरबॉक्सवरील नंबर, तो ज्या गाडीतून काढला तिचा तपशील, किंमत, किती दिवसांची हमी आहे आणि बिघडल्यास पैसे परत मिळणार की फक्त माल बदलून मिळणार, एवढे लिहून घ्या. मजुरीचे कोण देणार हेही आधीच बोलून ठेवा. "फक्त चालवून पाहण्याची हमी" म्हणजे बसवल्या दिवशी चालला की झाले, असा अर्थ काही दुकानांत लावला जातो. आपल्याला निदान महिनाभराची हमी हवी. त्या महिन्यात गाडी रोज चालवा, सगळे गिअर वापरा आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी कानपूरपर्यंत जाऊन या. गावी जाण्याच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

बिल असेल तर फसवणूक झाल्यावर ग्राहक आयोगाचे दारही उघडे राहते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर सावधान

आतापर्यंतचे सारे साध्या, हाताने बदलायच्या गिअरला लागू आहे. ऑटोमॅटिकचे तंत्र निराळे. २०१४ पासून आपल्याकडे छोट्या गाड्यांत ज्या एएमटी आल्या, त्यांचा गिअरबॉक्स मूळचा साधाच असतो. क्लच आणि गिअर हलवण्याचे काम मात्र यंत्र करते. पुष्कळदा बिघाड त्या यंत्रात किंवा क्लचमध्ये असतो. म्हणून संगणकावर तपासणी केल्याशिवाय गिअरबॉक्स बदलायला होकार देऊ नका.

सीव्हीटी किंवा दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची परीक्षा हाताने शाफ्ट फिरवून होत नाही. त्यांना गाडीच्या संगणकाशी जुळवूनही घ्यावे लागते. हमी देणारा आणि जुळवणी करून देणारा जाणकार मिळत नसेल, तर असा जुना माल घेऊच नये.

मग निर्णय काय?

आपल्या उदाहरणातल्या जोडप्याने पुढचा क्रम ठेवावा. आधी क्लच व केबल तपासून घ्यावी. दोष आतच निघाला, तर आपला गिअरबॉक्स उघडून दुरुस्तीचा लेखी अंदाज मागावा. जुन्याच्या एकूण खर्चात आणि या अंदाजात थोडाच फरक असेल, तर आपलाच दुरुस्त करावा. फरक मोठा असेल, माल जुळत असेल, मूळ कळत असेल आणि महिनाभराची लेखी हमी मिळत असेल, तर जुना बसवायला हरकत नाही. यातली एकही अट पुरी होत नसेल, तर संध्याकाळपर्यंत गाडी तयार होण्याचा मोह टाळावा.

आणि गाडीच थकली असेल तर तिला नोंदणीकृत मोडणी केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे. त्या प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात किती मिळते, ते लखनौत ट्रान्सपोर्ट नगरच्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे.

चार दिवस रिक्षाने फिरावे लागले तरी चालेल. पण सासूबाईंना घेऊन रात्री-अपरात्री दवाखान्यात निघालेली गाडी वाटेत उभी राहू नये, यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे. या चार दिवसांत दोन मेकॅनिकांचे अंदाज आणि दोन दुकानांचे भाव कागदावर मांडा. निर्णय घेणे सोपे जाईल.